पाण्याच्या दोन बाटल्या

निम्मेमामांचं खरं आडनाव विचाराल तर दवाखान्यात एकालाही धड सांगता यायचं नाही. पगाराच्या कागदावर काय असेल ते असो, माणसं गेली कित्येक वर्षं त्यांना निम्मेमामा म्हणत आली होती आणि मामांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट कोणी नवीन माणूस बिचकत नुसतं 'मामा' म्हणाला, तर तेच सांगायचे, 'निम्मे म्हणा हो, लाजताय कशाला.'

दवाखाना जनावरांचा. बाहेर लांबलचक पडवीत दोन बाकं, जमिनीत बसवलेला वजनकाटा, भिंतीला कुत्री बांधायच्या कड्या, आणि दिवसातून तीनदा फिनेल मारूनही न जाणारा ओल्या केसांचा वास. मामा तिथे कंपाउंडर होते. एकतीस वर्षं एकाच जागी. कुत्र्याच्या पुढच्या पायाचे केस भादरावेत ते मामांनी, शीर शोधावी ती मामांनी. म्हातारं कुत्रं असो, वाळलेलं असो, चावरं असो, मामा पायावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, 'ही बघा, इथे लपून बसलीय.' सुई पहिल्याच झटक्यात आत. त्यांना स्वतःच्या हाताचा फार अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवूनही ठेवला नाही.

निम्मे हे नाव पडलं ते भुलीच्या औषधामुळे. डॉक्टरबाई नव्यानेच आल्या होत्या, तेव्हा त्यांनी एक पद्धत सुरू केली. शिरेतून भूल द्यायची तर एकाच औषधाचा मारा करायचा नाही, दोन औषधं मिळून द्यायची. एक औषध दुधासारखं पांढरंफेक. ते एकटं दिलं की कुत्रं बघता बघता झोपतं, पण जास्त झालं तर श्वास अडतो, रक्ताचा दाब खाली येतो. दुसरं पाण्यासारखं नितळ. त्याने हृदय जोमात चालतं, पण ते एकटं दिलं तर कुत्रं डोळे टक्क उघडे ठेवून लाकडासारखं ताठ होतं. दोन्ही एकत्र दिली की प्रत्येकाचं प्रमाण निम्म्यावर आणता येतं आणि एकाची खोड दुसरं झाकतं. नवराबायकोसारखं, असं मामा म्हणायचे. औषधांची नावं लांबलचक, म्हणून मामांनी त्यांना दूध आणि पाणी ही नावं देऊन टाकली. 'दूध निम्मं, पाणी निम्मं' असं पुटपुटत ते सिरिंज भरायचे. झालं, नाव चिकटलं.

यात एक मेख होती. पाण्याची बाटली यायची ती फार कडक, दुधाच्या दहापट. म्हणून रोज सकाळी मामा त्यातला एक भाग घेऊन नऊ भाग सलाइनमध्ये मिसळायचे आणि ते वेगळ्या बाटलीत भरून वर पांढरी पट्टी लावायचे. दुधाबरोबर निम्मं-निम्मं घ्यायचं ते या पातळ केलेल्या बाटलीतून. पण दवाखान्यात बोलताना कडक काय आणि पातळ काय, दोन्हींना पाणीच म्हणत. दिसायलाही दोन्ही सारखीच. बाहेरच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. आतल्यांना काही वाटत नव्हतं, कारण भरणारे मामा होते.

पोस्टमन आणि त्याची बायको आपल्या कुत्र्याला घेऊन पहिल्यांदा आले, तेव्हा पडवीत चांगलाच हशा झाला होता. पोस्टमन सांगत होता, की नोकरीची सगळी वर्षं त्याच्यामागे गल्लोगल्लीची कुत्री लागली, तीन विजारी फाटल्या, एकदा तर पार्सल टाकून झाडावर चढायची वेळ आली. आणि निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी हा माणूस घरी काय घेऊन आला, तर कुत्र्याचं पिल्लू. नाव ठेवलं साहेब. आयुष्यभर दारोदारी साहेब साहेब करत फिरलो, आता निदान आपल्या हुकमातला एक साहेब असावा, असं त्याचं म्हणणं. बायको शेजारी बसून हसत होती. तिचं घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान होतं, सगळे तिला टेलरबाई म्हणत. ती म्हणाली, की साहेब काही यांच्या हुकमात नाही, हेच त्याच्या हुकमात आहेत.

साहेब आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या पोटाखाली लिंबाएवढी गाठ आली. काढायला हवी होती. ऑपरेशनं मंगळवारी आणि शुक्रवारी व्हायची, त्यांना मंगळवार मिळाला. आदल्या दिवशी मामांनीच बजावून सांगितलं, की रात्रीनंतर पोटात काही जाता कामा नये, भुलीत उलटी झाली तर ती छातीत जाते.

त्या मंगळवारी गर्दी होती, हे खरं. पण गर्दी दर मंगळवारी असायची, तेव्हा तिच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. खरी गोष्ट वेगळीच. पहिला नंबर साहेबाचा. तो टेबलावर थरथरत होता, म्हणून झोप लागेपर्यंत पोस्टमनला आत उभं राहू दिलं होतं. तो कुत्र्याचं डोकं छातीशी धरून उभा, स्वतः कुत्र्याहून घाबरलेला. मामांना त्याची कीव आली, आणि कीव आली की मामांची जीभ सुटायची. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक सुई चुकलेली नाही, असं ते सांगत होते. एका कुत्र्याला भूल देताना मालकच बेशुद्ध पडला होता, तो किस्साही त्यांनी रंगवून सांगितला. पोस्टमन हसला. हसवल्याचं मामांना बरं वाटलं, आणि त्याच्याकडे बघतच त्यांनी ट्रेमधली बाटली उचलली, निम्मं दूध, निम्मं पाणी भरलं, सिरिंज दोनदा उलटीसुलटी केली आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिली. बाटलीकडे त्यांनी बघितलं नाही.

डॉक्टरबाई नेहमीसारखं हळूहळू औषध सोडत होत्या. सिरिंज अर्धी व्हायच्या आतच साहेबाने मान टाकली. पोस्टमनला वाटलं, झोपला. तो डोक्यावरून हात फिरवून बाहेर गेला. डॉक्टरबाईंनी मात्र सिरिंज थांबवली होती. श्वास थांबला होता. त्यांनी जबडा उघडला, नळी घालायला गेल्या तर घशात ओलसर पावाचे कण. ते पुसून काढले, नळी घातली, मामा नळीला जोडलेला हवेचा फुगा दाबत राहिले, बाई छाती दाबत राहिल्या. जीभ निळी पडली ती पडलीच. पंचवीस मिनिटांनी बाईंनी हात काढला.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, सकाळी काही खायला दिलं होतं का. पोस्टमन ठामपणे नाही म्हणाला.  टेलरबाई खाली बघत म्हणाली, 'पावाचा एवढासा तुकडा दिला. माझ्या तोंडाकडे बघत बसला होता हो, राहवलं नाही.' डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. घशात अन्न सापडलं, तेच श्वासनलिकेत गेलं असणार, एवढंच त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. पोस्टमनने बायकोकडे बघितलं. नुसतं बघितलं. मामा दारात उभे होते, त्यांना ती नजर दिसली, आणि त्या क्षणी तरी त्यांच्या मनात टेलरबाईबद्दल चीडच आली. इतकं बजावून सांगितलं होतं, तरी ऐकत नाहीत ही माणसं.

बाकीची ऑपरेशनं बाईंनी शुक्रवारवर ढकलली होती. दुपारी ट्रे आवरताना मामांनी पांढऱ्या पट्टीची बाटली उचलली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. सकाळी भरली तशीच. शेजारी कडक बाटली, कालच फोडलेली, तीत सकाळी पातळ करायला काढलं होतं त्याहून बोटभर कमी.

मामा स्टुलावर बसले.  पहिल्यांदा त्यांनी स्वतःलाच पटवायला सुरुवात केली, की पाव तर घशात होताच, कोण जाणे त्यानेच झालं असेल, कुत्रं काही कोवळं नव्हतं. पण एकतीस वर्षं सिरिंज भरणाऱ्या माणसाला दहापट म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायला नको होतं. दुधाने श्वास दाबलेला, त्यावर पाण्याचा असला लोंढा. एक गाठ सोडली तर धडधाकट असलेलं कुत्रं त्यांनी पोस्टमनला गोष्ट सांगता सांगता मारलं होतं.

आणि मग त्यांनी जे केलं, ते चुकीहून वाईट होतं. मामांनी दार लोटून घेतलं. पांढऱ्या पट्टीच्या बाटलीतलं, जेवढं साहेबाला लागलं असतं तेवढं मोजून, बेसिनमध्ये ओतलं आणि वर नळ सोडला. त्यांचा हात जराही थरथरला नाही. याची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

तीन आठवडे झाले, आणि एका शुक्रवारी टेलरबाई पडवीत येऊन बाकावर बसली. कुत्रं नाही, मांजर नाही. मामा दाराआड सरकले. पण ती कोणाशी भांडायला आलेली नव्हती. ऑपरेशनसाठी आलेल्या प्रत्येक माणसाजवळ सरकून ती हळूच विचारायची, सकाळी काही दिलं नाही ना पोटात. आणि मग स्वतःहून सांगायची, मी दिलं होतं, पावाचा तुकडा, माझ्या मायेने माझं कुत्रं गेलं. अनोळखी माणसांसमोर, भर पडवीत, ती हे सांगायची. कोणी कीव करायचे, कोणी तोंड फिरवायचे, एका बाईने तर अशा लोकांनी कुत्री पाळूच नयेत असं तोंडावर सुनावलं. टेलरबाई म्हणाली, खरं आहे तुमचं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली. मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी. डॉक्टरबाईंना कौतुक वाटलं, म्हणाल्या, बसू दे, पाटी लावून जे होत नाही ते हिच्यामुळे होतंय. आतल्या खोलीत मामा केस भादरत असायचे आणि दाराच्या फटीतून तिचा आवाज यायचा. तेच शब्द, तीच पावाची गोष्ट. केस कापायचं मशीन सारखं चालू ठेवलं तरी ती मामांना ऐकू यायचीच.

मग मामा तिला चहा नेऊन द्यायला लागले. दुसरं काय करणार होते? म्हणजे करण्यासारखं होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण चहा सोपा होता. ती दोन्ही हातांनी कप धरून बसायची आणि थोडंफार बोलायची. पोस्टमन तिला एक शब्दही टोचून बोलला नव्हता. फक्त तिच्या हातचं खाणं त्याने सोडलं होतं. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करायचा, स्वतःचं जेवण स्वतः, कपबशी धुऊन पालथी. रागाने नाही, ती सांगायची, त्यांना जमत नाही. मी ताट वाढलं की त्यांना तो तुकडा आठवतो. मामा मान हलवायचे. रिकामा कप घेऊन आत जायचे.

एवढं मात्र त्यांनी केलं, की बायकोचं लाल नेलपॉलिश दवाखान्यात नेलं. म्हातारपणी कोणासाठी नेताय, म्हणून बायकोने यथेच्छ चिडवलं. मामांनी प्रत्येक कडक बाटलीवर लाल अक्षरांत 'कडक' असं लिहायला सुरुवात केली आणि ती बाटली ट्रेवर ठेवायचीच बंद करून कपाटात कुलपात ठेवली. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. याला म्हणतात अनुभव, असं म्हणाल्या. त्या दिवशी मामा जेवणाचा डबा तसाच घरी घेऊन गेले.

असे अकरा महिने गेले. एका शुक्रवारी एक जोडपं छोटंसं पिल्लू घेऊन आलं होतं. टेलरबाईने आपली गोष्ट सांगितली आणि त्यातली बायको रडायलाच लागली. पिल्लू रात्रभर केकाटत होतं म्हणून तिने पहाटे त्याला वाटीभर दूध पाजलं होतं, आणि नवऱ्याच्या भीतीने बोलली नव्हती. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या आणि सर्वांसमोर टेलरबाईला म्हणाल्या, आज तुमच्यामुळे एक जीव वाचला.

मामा चहा घेऊन गेले तेव्हा टेलरबाईचे डोळे भरलेले होते. ती म्हणाली, 'मामा, साहेबाचं पाप थोडं तरी फिटलं असेल ना आता?'

कप मामांच्या हातात होता. तो त्यांनी बाकावर ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं, की तुमच्या पावाने काही झालं नाही. माझ्या हातून कडक बाटलीतलं औषध गेलं. दहापट गेलं. तो मेला तो माझ्यामुळे, पाव घशात आला तो नंतर.

टेलरबाई बराच वेळ त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, 'तुम्हाला कधी कळलं?'

आणि मामा म्हणाले, 'परवा. औषधांची जुनी वही तपासताना.'

ठरवून बोलले नव्हते. जीभ आपणहून तिकडे वळली. एकदा बोलून गेल्यावर मागे घेणं होईना.

पुढचं सगळं त्या 'परवा'वरच उभं राहिलं. मामांनी डॉक्टरबाईंनाही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, की मीही न विचारता औषध सोडलं, पातळ केलंय ना एवढा एक शब्द मी विचारला नाही. त्या दिवसापासून सिरिंज दोघांनी मिळून भरायची, बाटलीवरचं मोठ्याने वाचायचं, असं ठरलं. मामांना काढून टाकायचं नाव त्यांनी घेतलं नाही. संध्याकाळी त्या मामांना घेऊन पोस्टमनच्या घरी गेल्या आणि माफी मागितली.

पोस्टमन खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मामांना वाटलं, हा आता उठून कानाखाली वाजवेल, आणि वाजवली असती तर बरंच झालं असतं. पण तो मामांकडे बघतच नव्हता. तो बायकोकडे बघत होता. शेवटी म्हणाला, 'अगं, मी तुझ्या हातचं पाणीसुद्धा...'  टेलरबाई स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने ती चार कप चहा घेऊन आली, आणि पोस्टमनने सगळ्यांत आधी हात पुढे केला.  निघताना त्याने मामांचा हात हातात घेतला. माणूस आहे, चूक होते, म्हणाला, पण कळल्याबरोबर सांगायला येणारा माणूस विरळा.

मामांनी तो हात सोडवून घेतला नाही.

मग चार दिवस दवाखान्यात मामांचंच नाव. एवढ्या वर्षांच्या नोकरीत, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, लपवलं असतं तर कोणाला कळलं असतं, तरी मामांनी सांगितलं. असं म्हणत लोक त्यांच्या पाठीवर थाप मारायचे. बायकोने घरी ऐकलं आणि तिलाही भरून आलं. मामांना मात्र प्रत्येक थापेबरोबर बेसिनचा नळ आठवायचा. आधी निदान शिव्या खाण्याची शक्यता तरी होती. आता तेही दार त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं, आणि वर लोक त्यांना हार घालायला निघाले होते. रस्त्याने जाताना ते ओळखीच्या माणसांची नजर चुकवायला लागले. लाजेने माणूस खाली बघतो म्हणतात, मामा अक्षरशः खाली बघून चालायचे.

पुढच्या आठवड्यात टेलरबाईने निरोप पाठवला, दुकानावर येऊन जा. मामा दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा तिनेच आतून बघितलं आणि हाक मारली.

दुकान म्हणजे पुढची खोली. खिडकीजवळ मशीन, खुंट्यांवर अर्धवट शिवलेले कपडे, कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं. आतल्या दाराचा पडदा सरकवलेला, आणि पलीकडे पोस्टमन कसलंसं गुणगुणत भांडी लावत होता. टेबलावर हिरव्या रंगाचं जाड कापड पसरलेलं होतं. टेलरबाई म्हणाली, की ऑपरेशनच्या खोलीत तुम्ही तो फाटका कोट घालता, मला बाकावरून दिसायचा, खांद्यात उसवलाय. तुमच्यासाठी एक नवीन शिवते. पैशाचं नाव काढायचं नाही. मामा म्हणाले, नको, कशाला. ती म्हणाली, गप्प उभे राहा.

तिने गळ्यातली टेप काढली. पाठ मोजली, खांदा मोजला, आकडे खडूने कापडावर टिपत गेली. तिचा चेहरा उजळलेला होता. अकरा महिन्यांत मामांनी तिला असं कधी बघितलं नव्हतं. तोंडाने सतत चालू होतं, की हे आता सकाळी मला हाक मारून उठवतात, चहा कर म्हणून, काल तर भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरलेसुद्धा, मला इतकं बरं वाटलं. मग म्हणाली, हात वर करा. मामांनी दोन्ही हात वर केले आणि तिने छातीभोवती टेप गुंडाळली.

'तुमचे उपकार आहेत हो,' ती म्हणाली. 'दुसरा असता तर मरेपर्यंत बोलला नसता. तुम्हाला परवा कळलं आणि तुम्ही लगेच...'

'परवा नाही,' मामा म्हणाले.

तिने वर बघितलं.

'त्याच दिवशी कळलं. दुपारी. पातळ बाटली भरलेली होती. मी तीतलं मोजून बेसिनमध्ये ओतलं, कोणाला समजू नये म्हणून.'

आत भांड्यांचा आवाज चालूच होता. टेपचं टोक तिच्या बोटांत, मामांच्या छातीवर धरलेलं. ती ते सोडायची विसरली होती.

'म्हणजे मी बाकावर येऊन बसले तेव्हा...'

'माहीत होतं.'

'पडवीत ती बाई मला बोलली, कुत्री पाळू नका म्हणून, तेव्हा?'

'मी आत होतो. ऐकलं मी.'

 मामांना वाटलं, ती आता रडेल, ओरडेल, नवऱ्याला हाक मारेल. ती यातलं काहीच करेना.

'घरी गेले की वाटायचं,' ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, 'सगळ्या जगात एक माणूस आहे जो मला दोष देत नाही. तो मला चहा आणून देतो. त्या चहाच्या आशेवर मी पुढच्या मंगळवारी यायचे, मामा.'

  मामांना एवढंच समजत होतं, की त्या अकरा महिन्यांत तिच्याजवळ उरलेली एकच चांगली गोष्ट होती, आणि तीही त्यांनी आत्ता काढून घेतली.

तिने टेप सोडली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. कापडावरचे खडूचे आकडे तिने तळहाताने पुसायला सुरुवात केली. पाठीचा, मग खांद्याचा. सगळे पुसून झाल्यावर तिने मान वर केली, तर मामा अजून तसेच उभे होते.

'हात खाली घ्या,' ती म्हणाली.